झोळी चांगली, छप्पर तोकडे: गोव्याच्या पावसात हॅमॉक-संच

मच्छरदाणी शिवलेली झोळी (दोन झाडांना टांगून झोपायचा हॅमॉक), दोन पट्टे, दोन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), तीन बाय तीन मीटरची ताडपत्री, सहा खुंट्या आणि दोऱ्यांची गुंडी. वेगवेगळ्या नावांनी, पण जवळपास एकाच मापाने विकला जाणारा हा संच. गोव्याच्या भर पावसात, रानात एकट्याने रात्र काढायला तो पुरतो का, एवढाच इथे प्रश्न. उत्तर आधीच सांगून टाकतो: झोळी ठेवा, बाकीचे निम्मे सामान बदला.

मुळात तंबू सोडून झोळीच का, हे सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतली जमीन ज्याने पावसात पाहिली आहे त्याला समजवावे लागणार नाही. जांभ्या दगडावर कुठे वीतभर, कुठे चार बोटे माती, वर कुजका पाला. पाणी मुरायला खाली जागा नसते, म्हणून ते मातीच्या वरच्या थरातूनच उताराला धावते. तंबूचा तळ कोरडा दिसतो, पण पाठ आणि कोपर जिथे दाबून टेकतात तिथून ओल वर येते. सपाट जागा शोधावी तर कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) सपाट जागा म्हणजे नेमकी पाणी साचायचीच जागा. झोळीला उतार चालतो, दगड चालतात, खाली घोटाभर पाणी वाहत असले तरी चालते. झाडे नसलेल्या सड्यावर मात्र ती निरुपयोगी, आणि पावसाळ्यात सड्यावर एकट्याने राहण्यात शहाणपणही नाही.

संचातली झोळी साधारण २.७ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद, पातळ नायलॉनची असते. कापड हलके, लवकर वाळणारे, शिलाई बहुधा नीट. अडचण लांबीची आहे. झोळीत केळ्यासारखे वाकून झोपायचे नसते. मधल्या रेषेला तिरके, डोके एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला टाकून झोपले की पाठ जवळपास सपाट होते. त्यासाठी आपल्या उंचीपेक्षा किमान एक-सव्वा मीटर जास्त कापड लागते. पाच फूट पाच इंचांपर्यंतच्या माणसाचे २.७ मीटरमध्ये कसेबसे भागते. त्याहून उंच असाल तर पोटरीखाली कापडाची ताठ शीर उभी राहते आणि पहाटेपर्यंत गुडघे बोलू लागतात. उंच माणसाने सरळ ३.३ मीटरची झोळी वेगळी घ्यावी.

आता टांगण्याचे गणित. पहिल्यांदा बांधणारे जवळजवळ सगळे चुकतात ते इथेच. झोळी खाटेसारखी ताणून बांधायची नसते. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांत असला की ७५ किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूवर ताण ७५ किलोच येतो. २० अंशांवर तो ११० किलो होतो आणि १० अंशांवर २१६. म्हणजे डब्यावर ‘२०० किलो क्षमता’ छापलेली असली तरी ताठ बांधलेल्या झोळीत सडपातळ माणूससुद्धा ती ओलांडतो. मोजायला कोनमापक नको: झोळीच्या टोकापासून झाडापर्यंत आडवे एक मीटर अंतर असेल तर पट्टा ५८ सेंटीमीटर वर चढला पाहिजे. झाडे चार मीटर अंतरावर असली तर २.७ मीटरच्या झोळीसाठी पट्टा जमिनीपासून साधारण १७० सेंटीमीटरवर, म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांच्या आसपास येतो, आणि बसल्यावर झोळी खुर्चीच्या उंचीला उतरते. त्याहून उंच टांगू नये. रात्री अंधारात, ओल्या पायांनी उतरायचे असते.

दोन टोकांमध्ये झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के, म्हणजे सुमारे २.२५ मीटर लांबीची न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून टाका. संचात ती नसते. ही दोरी असली की झाडे जवळ-दूर कशीही मिळोत, झोळीचा झोल दरवेळी तोच राहतो. टॉर्च, चष्मा, शिट्टी टांगायला तीच कामाला येते.

घरी सराव जरूर करा, पण बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) खांबांना झोळी टांगू नका. ३० अंशांतसुद्धा ७५ किलोचा माणूस प्रत्येक खांबाला ६५ किलोच्या जोराने आत ओढतो. चिऱ्याचा जुना खांब वरचे ओझे पेलायला बांधलेला असतो, बाजूचा ओढा सोसायला नव्हे.

पट्ट्यांच्या बाबतीत हा संच काटकसर करतो, आणि तीही चुकीच्या जागी. कित्येकदा पट्ट्यांऐवजी नुसती गोल दोरी मिळते. दोरी सालीत रुतते, फणसाला चीक सुटतो, आणि ओल्या शेवाळावरून ती घसरते ते वेगळेच. पट्टे मिळालेच तर नायलॉनचे असतात. नायलॉन भिजले की ताणते: संध्याकाळी खुर्चीच्या उंचीवर असलेली झोळी मध्यरात्री वीतभर खाली आलेली असते. निदान अडीच सेंटीमीटर रुंद, तीन-तीन मीटर लांब, पॉलिस्टरचे दोन पट्टे वेगळे घ्या. ट्रकचा माल बांधायच्या सामानाच्या दुकानात तशी पट्टी मीटरवर मिळते. टोकाचा फासा मात्र चांभाराकडून जाड दोऱ्याने दुहेरी शिवून घ्या.

झाड निवडताना आधी वर बघायचे, मग खोडाकडे. वाळकी फांदी डोक्यावर असेल तर ती जागा सोडा, बाकी कितीही सोयीची असो. बुंध्याला अळंबीचे कडक तवे चिकटलेले दिसले तर लाकूड आतून कुजले आहे असे समजा. माती पाण्याने भरली की मुळांची पकड सुटते. पावसाळ्यात झाडे उन्मळून पडल्याच्या बातम्या रोज येतात त्या म्हणूनच. किंदळ, माटी, आंबा, फणस, छातीच्या उंचीला निदान वीतभर जाडीचे, ही भरवशाची. ऑस्ट्रेलियन अकेशिया कधीही नको. त्याच्या फांद्या वाऱ्यात काडकन मोडतात. काजूही नको, फांदी ठिसूळ आणि पसारा खाली. पोफळीला तर हातच लावू नये: खोड बारीक, ते झुकते, वरून झावळ सुटते, आणि झाड भाटकाराच्या, म्हणजे बागेच्या मालकाच्या, पोटापाण्याचे असते. बिब्ब्याच्या कुळातली झाडे ओळखता येत नसतील तर काळा चीक सुकलेल्या खोडाला पट्टा लावू नका. कातडी भाजल्यासारखी सुजते.

आता छप्पर. संचाचा खरा कस इथे लागतो आणि इथेच तो उणा पडतो.

तीन बाय तीनची ताडपत्री दोन प्रकारे लागते. कर्ण झोळीच्या रेषेत धरून पतंगासारखी लावली तर ४.२ मीटर लांबी मिळते आणि झोळीच्या दोन्ही टोकांपुढे मीटरभर कापड उरते. मधोमध बाजूही भरपूर झाकल्या जातात. पण डोक्याशी आणि पायांशी पतंग निमुळता होतो. तिथे प्रत्येक बाजूला मीटरभरच कापड, तेही उतरते, म्हणजे आडवे मोजले तर पाऊण मीटरही नाही. सरळ पडणाऱ्या पावसाला एवढे पुरते. घाटातला पाऊस सरळ पडत नाही. दरीतून वारा उठला की तो आडवा येतो आणि पहिली भिजते ती पायाकडची बाजू. दुसरा प्रकार चौकोनी, घराच्या पाख्यासारखा: बाजू बऱ्या झाकल्या जातात, पण टोकांपुढे ३८ सेंटीमीटरच उरतात, म्हणजे पडवीच नसलेले घर. सप्टेंबरच्या उघडिपीत पतंगावर भागेल. जून-जुलैत तीन बाय चारच हवी, चार मीटर बाजू झोळीच्या रेषेत. हा फरक चैनीचा नाही. कोरडे झोपणे आणि कुडकुडत बसून राहणे यांमधला आहे.

कापड पॉलिस्टरचे असेल तर उत्तम. सिलिकॉन लावलेले नायलॉन हलके असते, पण भिजले की सैल पडते. त्याच्या पोटात पाणी साचते आणि रात्री दोनदा उठून ताण द्यावा लागतो. लेबलावर पाण्याच्या दाबाचा आकडा बघा: १५०० मिलिमीटरच्या खाली घेऊ नये, ३००० असेल तर निश्चिंत. शिवण मधोमध असेल तर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहा. घरी ताडपत्री ताणून शिवणीवर बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटे खाली बोट फिरवत राहा. गळणार असेल तर तिथेच कळते. बाजारातली निळी प्लास्टिकची ताडपत्री पाणी अडवण्यात कमी नाही, फक्त जड आहे आणि तिच्या कडीला वाऱ्यात फाटायची खोड आहे. पैसे कमी असतील तर तीच न्या. कडीऐवजी कोपऱ्यात गुळगुळीत खडा गुंडाळून त्यामागे दोरी बांधा.

आता एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. छप्पर शाबूत, तरी पहाटे पाठ ओली. कारण वरचा पाऊस नव्हे. खोडावरून ओघळणारे पाणी पट्ट्यावर येते, पट्ट्यावरून हळूहळू झोळीकडे उतरते, कॅराबिनरपाशी क्षणभर जमते आणि झोळीच्या चुण्यांत शिरते. टॉर्च मारून पाहिले तर पट्ट्याच्या खालच्या कडेने थेंबामागून थेंब सरकताना दिसतात, दिंडीसारखे. उपाय फुकटचा आहे: छपराच्या आतल्या भागात, कॅराबिनरच्या अलीकडे, झाडाच्या बाजूला, पट्ट्याला सुती नाडीचा वीतभर तुकडा बांधून खाली लोंबता सोडा. पाणी नाडीवर वळते आणि जमिनीवर गळते. दोन्ही टोकांना एकेक. ताडपत्रीची दोरीही एकाच लांबीत खालून ओवू नका. दोन कोपऱ्यांना दोन वेगळ्या दोऱ्या बांधा, म्हणजे बाहेरचे पाणी दोरीवरून आत यायला वाटच उरत नाही.

संचातल्या दोऱ्या गुळगुळीत आणि बारीक. ओल्या झाल्या की गाठ सरकते किंवा निरगाठ होऊन बसते. थंड बोटांनी भिजलेली निरगाठ सोडवायची वेळ आली की चाकू आठवतो. सगळीकडे सुरगाठ मारायची सवय लावून घ्या. तारेच्या वीतभर खुंट्या तर टाकूनच द्या. चिखलात त्या लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच निघतात. खाली दगड लागला तर वाकतात. मुळाला किंवा झुडपाच्या बुडाला दोरी बांधा. नाहीतर मालकाला विचारून एखादा सुटा चिरा आडवा ठेवून त्याला बांधा, आणि सकाळी परत जागेवर ठेवा.

‘गोव्यात कसली आली थंडी’ म्हणून लोक नुसत्या चादरीवर जातात. पावसाळी रात्री पारा २२ अंशांच्या आसपास असला तरी झोळीत थंडी खालून लागते: अंगाखाली कापडाचा एक पदर आणि त्याखालून ओला वारा. घडीची फोमची चटई, एक सेंटीमीटर जाड, झोळीत घाला. चटईचा दुसरा फायदा असा की डास पाठीतून चावू शकत नाहीत. एकपदरी झोळीत वरची मच्छरदाणी कितीही चांगली असली तरी ते खालून सोंड खुपसतातच. गोधडी नको, ओली झाली की तिचे ओझे दगडाचे. घोंगडी दमट झाली तरी ऊब धरते, पण पाठीवर वाहायला भारी. कृत्रिम धाग्याची पातळ झोपपिशवी सगळ्यांत सोयीची, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक घालून. मच्छरदाणीची चेन अडखळत असेल तर मेणबत्तीचा तुकडा घासा.

जळवा झोळीत चढत नाहीत. तुम्हीच त्यांना बुटातून वर आणता. झोळीत बसून, पाय बाहेर ठेवून बूट काढा, मोजे तपासा, मग पाय आत घ्या. घट्ट विणीच्या सुती कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवून घेतले तर निम्मा त्रास संपतो. तंबाखू-चुन्याचे पाणी मोज्यांना लावतात तेही चालते, पण पावसात तासाभरात धुऊन जाते. लागलेली जळू नखाने तोंडाकडून, म्हणजे बारीक टोकाकडून, खरवडून काढावी. तिच्यावर मीठ किंवा विस्तव ठेवला की ती पोटातले जखमेत ओकते. रक्त बराच वेळ वाहते, कारण ती ते गोठू नये असा स्राव सोडते. घाबरू नका, दाबून धरा. बूट जमिनीवर न ठेवता दोरीला उलटे टांगा. पट्टा बांधण्यापूर्वी खोड आणि कमरेइतक्या उंचीच्या फांद्या टॉर्चने निरखा: मलबारी चापडा हा विषारी साप पावसाळ्यात ओहोळाकाठच्या फांदीवर तासन्‌तास हलत नाही, आणि भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरशासाठी असते, चापड्यासाठी नाही.

जागेचे म्हणाल तर संचाच्या जाहिरातीत जे दिसते, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला टांगलेली झोळी, ते इथे करू नका. वर घाटात कोसळलेला पाऊस खाली आकाश कोरडे असतानाही व्हाळ फुगवतो. पाण्यापासून उंचीने निदान पाच मीटर वर राहा. काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा मागचा पूर कुठवर चढला होता ते सांगतो. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले ही अभयारण्ये आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे परवान्याशिवाय शिरता येत नाही, रात्र काढणे तर दूरच. सत्तरीतले बरेचसे रान १९९९ पासून म्हादई अभयारण्यात आहे. देवराईतही नाही: बांबरची निरंकाराची राई ही रानजायफळीच्या दलदलीची राई, जमिनीतून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे बघायला दिवसा, गावातल्या माणसाबरोबर जावे आणि परत यावे. राहायला खासगी कुळागर किंवा बागायतीची वरची बाजू, मालकाची परवानगी मोबाईलवर लेखी घेऊन. त्याला जागा नेमकी दाखवून ठेवा. रानडुकरांसाठी रात्री राखणीला येणाऱ्यांना झुडपात काहीतरी हलते आहे एवढेच दिसणे बरे नाही. गवे कुळागरात उतरतात. ताडपत्रीवर पाऊस वाजत असताना त्यांची चाहूल लागत नाही, म्हणून त्यांच्या मळलेल्या वाटेवर झोळी नको.

महिना म्हणाल तर चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावरचा सप्टेंबर. मे अखेर आणि ऑक्टोबरात विजा जास्त. झाडाला टांगून घेऊन विजेत झोपणे म्हणजे आपणहून आमंत्रण. जानेवारी ते मे कोरडे असते, पण तो गोचिडींचा काळ. २०१५ मध्ये सत्तरीत गोचिडींच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले होते; मेलेले माकड दिसले तर त्या भागात थांबायचेच नाही.

चूल पेटवायच्या फंदात पडू नका. ओल्या रानात धूर तेवढा होतो. छोटा गॅस न्या. तोही नको असेल तर घरून चार वाळक्या करवंट्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर तुकडे, प्लास्टिकमध्ये बांधून. चहापुरते पाणी त्यावर उकळते. ताडपत्रीखाली मात्र जाळ नको. व्हाळाचे गढूळ पाणी तुरटी फिरवून तासभर निवळू द्या, मग गाळून खळखळून उकळा. पायाला जखम असेल तर साचल्या पाण्यातून चालू नका, लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती असते.

एकटे असाल तर घरी जागा आणि सकाळी फोन करायची वेळ सांगून जा. दरीत रेंज नसते, म्हणून फोन करायला कुठवर चढून यावे लागेल ते उजेडातच बघून ठेवा. शिट्टी गळ्यात. ११२ आणि १०८ हे नंबर पाठ असूनही रेंजशिवाय उपयोगाचे नाहीत.

मग हा संच घ्यावा की नाही? उंची कमी, पावसाच्या शेवटी-शेवटी जायचे, आणि पट्टे व दोऱ्या बदलायची तयारी असेल तर घ्यावा. ऐन जुलैसाठी घ्यायचा असेल तर झोळी आणि तीन बाय चारची ताडपत्री सुट्या घेतलेल्या बऱ्या. संच घेऊन निम्मा फेकण्यात बचत नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर झोळीला चार, मच्छरदाणीला साडेतीन, ताडपत्रीला दोन, खुंट्यांना शून्य.

आणि परत आल्यावर तो पिशवीतच पडू दिला तर पुढच्या वर्षी नवा घ्यावा लागेल. ताडपत्रीच्या आतला लेप दमट हवेत चिकट होतो, पापुद्रे सुटतात, आंबूस वास येतो. गोव्याच्या कपाटात त्याला दोन पावसाळेही पुरतात. साबण न लावता साध्या पाण्याने धुवा, पंख्याखाली दोन दिवस पसरा, शिवणी बोटाने दाबून पूर्ण कोरड्या झाल्या आहेत ना ते बघा. घट्ट गुंडाळून न ठेवता जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल घालून माळ्यावर टाका.